आपण काय उतरवून घेतो, हे इंटरनेट कंपनीला कळते का?

उपवासकाळाच्या पहिल्याच आठवड्यातील गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण सायंकाळच्या मिस्साबलिदानानंतर धर्मगुरू निवासात आला. चेहरा उतरलेला, हातात मोबाईल. त्याला ई-मेलने एक पत्र आले होते. पत्राच्या माथ्यावर सरकारी मुद्रा, तळाशी एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याची सही. मजकूर असा की, तुमच्या जोडणीवरून बेकायदेशीर सामग्री उतरवून घेण्यात आल्याचे तुमच्या इंटरनेट कंपनीने आम्हांस कळविले आहे. चोवीस तासांत दंड भरावा, अन्यथा अटक करण्यात येईल. त्या मुलाने महिन्याभरात दोन चित्रपट फुकटात उतरवून घेतले होते, एवढे खरे होते. तेवढ्या खऱ्याच्या आधारावर बाकी सारे खोटे त्याला खरे वाटले. आईच्या खात्यातून पैसे काढण्यापूर्वी एकदा फादरांना विचारावे, एवढी बुद्धी त्याला झाली म्हणून बरे.

पत्र बनावट होते. सरकारी यंत्रणा ई-मेलवरून दंड वसूल करीत नाही, हे त्याला पटवून दिले. तो सावरला. जाता जाता दारात थांबून त्याने विचारले, “फादर, पत्र खोटं होतं ते कळलं. पण कंपनी खरंच बघते का हो, आपण काय डाऊनलोड करतो ते?”

प्रश्न साधा असला तरी उत्तर एका शब्दात देता येण्यासारखे नाही. ‘सगळे दिसते’ असे म्हणणारे भीती पसरवितात आणि ‘कोणालाच काही कळत नाही’ असे म्हणणारे बेफिकिरी. सत्य या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. त्या तरुणाच्या परवानगीने, त्याचे नाव न घेता, हा प्रसंग येथे सांगितला आहे. कारण असा प्रश्न आपल्या अनेक घरांतून विचारला जात असणार.

पोस्टकार्ड आणि बंद पाकीट

आपल्या घरातील संगणक किंवा मोबाईल जगातील दुसऱ्या संगणकाशी थेट बोलत नाही. आपण पाठविलेला आणि आपल्याकडे आलेला प्रत्येक अक्षरसमूह इंटरनेट कंपनीच्या यंत्रांतून जातो. गावातील केबलवाल्याकडून जोडणी घेतली असेल, तर प्रथम त्याच्या आणि मग त्याच्या वरच्या कंपनीच्या यंत्रांतून जातो. ही कंपनी म्हणजे आपला पोस्टमन होय.

पूर्वी आपण पोस्टकार्डे लिहीत असू. पोस्टकार्डावरचा मजकूर पोस्टमनने वाचायचा ठरवला तर त्याला कोण अडवणार? इंटरनेटचा सुरुवातीचा बराच काळ असाच पोस्टकार्डाचा होता. ज्या संकेतस्थळाच्या पत्त्याची सुरुवात नुसत्या ‘एचटीटीपी’ने होते, तेथील मजकूर वाटेतल्या यंत्रांना उघडा दिसतो. पत्त्याची सुरुवात ‘एचटीटीपीएस’ने होत असेल, तर मजकूर सांकेतिक लिपीत गुंडाळलेला असतो. ते बंद पाकीट होय. २०१३ साली अमेरिकी सरकारच्या गुप्त टेहळणीची कागदपत्रे उघडकीस आल्यानंतर बंद पाकिटाचा वापर जगभर झपाट्याने वाढला. आज बँका, ई-मेल, वृत्तपत्रे आणि बहुतेक सर्व मोठी संकेतस्थळे पाकिटातूनच बोलतात.

तथापि, पाकीट बंद असले तरी पोस्टमनला काही गोष्टी दिसतातच. पाकीट कोणाच्या घरून निघाले, कोणाच्या नावे निघाले, कोणत्या दिवशी निघाले आणि किती जाड आहे, हे त्याला कळते. इंटरनेट कंपनीचेही तसेच आहे. आपण कोणत्या संकेतस्थळाशी जोडले गेलो, किती वाजता, किती वेळ आणि किती माहिती खाली आली, हे तिला सहसा समजते. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणारी एक निर्देशिका असते, तिला ‘डीएनएस’ म्हणतात. बहुतेक घरांत ही निर्देशिका कंपनीच्याच संगणकावर पाहिली जाते; म्हणजे आपण कोणाचे दार विचारले ते कंपनीला आपोआप कळते. शिवाय बंद पाकिटाच्या व्यवहारातही संकेतस्थळाचे नाव बहुधा पाकिटावर उघडेच लिहिलेले असते.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या भगिनीने एका रुग्णालयाच्या संकेतस्थळावर जाऊन कर्करोगाविषयीचे पान वाचले. संकेतस्थळ बंद पाकिटाचे असेल, तर तिने कोणते पान वाचले हे कंपनीला दिसणार नाही. मात्र ती त्या रुग्णालयाच्या संकेतस्थळावर गेली होती, हे दिसेल. कधी कधी नुसते नावच पुष्कळ बोलून जाते. व्यसनमुक्ती केंद्र, विवाह जुळविणारी संस्था, कर्ज देणारी पेढी यांच्या दारात कोण उभे होते एवढे कळले, तरी माणसाच्या आयुष्याविषयी बरेच काही कळते.

त्याचप्रमाणे, रात्री दहा ते बाराच्या दरम्यान चार जीबी माहिती उतरली, हे कंपनीला कळते. ती महिन्याचा हिशेब ठेवते. ठरलेली मर्यादा संपली की वेग कमी करते, तो याच हिशेबावरून. एवढी माहिती उतरली म्हणजे बहुधा चित्रपट असावा, असा तर्क करता येतो. बंद पाकिटातून आलेला चित्रपट कोणता, हे मात्र त्यावरून सांगता येत नाही.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लाखो ग्राहक असलेल्या कंपनीत कोणी माणूस बसून आपला व्यवहार वाचीत नसतो. तेवढी माणसेही नाहीत आणि कंपनीला त्यात सहसा रसही नाही. नोंद यंत्र करते. प्रश्न एवढाच उरतो की, ती नोंद किती काळ राहते आणि कोणाच्या हाती जाते.

नोंदवही कोण ठेवतो?

आपल्या जोडणीला कंपनी एक अंकी पत्ता देते, तो ‘आयपी पत्ता’. हा पत्ता कायमचा असतोच असे नाही. भारतात तर पुष्कळदा एकच पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. त्यामुळे अमुक वेळी अमुक पत्ता कोणाकडे होता, हे फक्त कंपनीची नोंदवहीच सांगू शकते.

भारतात ही नोंदवही ठेवणे कंपनीच्या मर्जीवर सोपविलेले नाही; तो तिच्या परवान्यातील अटींचा भाग आहे. पूर्वी अशा नोंदी किमान एक वर्ष जपून ठेवाव्या लागत. डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्यात दुरुस्ती करून ही मुदत दोन वर्षे केली. या नोंदींत संभाषणाचा मजकूर नसतो. कोणी, कधी, कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या पत्त्याशी संपर्क साधला याचा तपशील असतो. चर्चच्या दप्तरात बाप्तिस्मा कोणाचा, कधी आणि धर्ममातापिता कोण हे लिहिलेले असते. त्या दिवशीचे प्रवचन लिहिलेले नसते. तशातलाच हा प्रकार.

मजकूरच पाहायचा असेल, तर वेगळा कायदा लागतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० याच्या कलम ६९ अन्वये सरकारला देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्याचा तपास अशा ठरावीक कारणांसाठी माहिती मध्येच अडवून पाहण्याचा आदेश देता येतो. त्यासाठी सर्वसाधारणपणे केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचा आदेश लागतो. २० डिसेंबर २०१८ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने या कामासाठी दहा यंत्रणांना अधिकृत केले, तेव्हा देशभर बरीच चर्चा झाली होती. दूरध्वनी चोरून ऐकण्याच्या प्रकारांवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच मर्यादा घातल्या होत्या. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने निर्णय दिला की, खासगीपणा हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत अधिकार आहे. म्हणजे टेहळणीला आपल्या देशात वाव आहे. पण ती कायद्याच्या चौकटीत, कारणासाठी आणि कारणापुरतीच असली पाहिजे, हे तत्त्व मान्य झालेले आहे.

बायबल अडविणारी कंपनी

कंपनीने स्वतःच्या सोयीसाठी ग्राहकाच्या व्यवहारात डोकावले तर काय होते, याचे एक उदाहरण अमेरिकेत घडले. ते आपल्यासारख्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे.

‘बिटटॉरेंट’ नावाची एक पद्धत आहे. तीत एखादी मोठी फाईल एकाच ठिकाणाहून न येता, ज्यांच्याजवळ ती आहे अशा अनेक लोकांकडून तुकड्यातुकड्यांनी येते. आणि आपण घेत असतानाच आपल्याजवळचे तुकडे इतरांना देत असतो. २००७ साली ओरेगॉन राज्यातील एका संगणकतज्ज्ञाला जुन्या, वाद्यांविना गायिल्या जाणाऱ्या अमेरिकी गीतांचा छंद होता. ही गीते तो या पद्धतीने इतरांना देऊ पाहत होता. पण देणे काही केल्या जमेना. त्याने चिकाटीने शोध घेतला, तेव्हा ‘कॉमकास्ट’ ही त्याची इंटरनेट कंपनीच मध्ये अडथळा आणीत असल्याचे त्याच्या ध्यानात आले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘असोसिएटेड प्रेस’ या वृत्तसंस्थेने स्वतः चाचणी घेतली. चाचणीसाठी कोणाच्याही मालकीहक्काचा भंग होणार नाही असा ग्रंथ हवा होता. त्यांनी बायबलचे ‘किंग जेम्स’ हे जुने इंग्रजी भाषांतर निवडले. तीनपैकी दोन वेळा बायबल पलीकडे पोहोचलेच नाही. तिसऱ्या वेळी दहा मिनिटांच्या विलंबाने ते जाऊ लागले. कंपनीची युक्ती अशी होती की, तिचे यंत्र दोन्ही बाजूंना एक खोटा संदेश पाठवी आणि तो जणू पलीकडच्या माणसाकडूनच आला आहे असे भासवी. दूरध्वनी केंद्रातल्या कोणी मध्येच तोंड घालून दोघांनाही ‘समोरच्याने फोन ठेवला’ असे सांगावे, तसे.

कंपनीचे म्हणणे, आम्ही अडवीत नाही, गर्दीच्या वेळी वाहतूक नियंत्रित करतो. ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने कंपनीच्या विरोधात निर्णय दिला. ६ एप्रिल २०१० रोजी न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरविला. कारण त्या बाबतीत आयोगाला तसा अधिकारच नव्हता. दरम्यान कंपनीने आपली पद्धत बदलली होती.

या प्रकरणात आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. कंपनीच्या यंत्राला समोरून जाते ते बायबल आहे की चोरीचा चित्रपट, याच्याशी कर्तव्य नव्हते. त्याने फक्त वाहतुकीचा प्रकार ओळखला आणि सरसकट सर्वांना अडविले. यंत्राची नजर अशीच असते. त्याला खूप दिसते, पण कळते थोडे. आपल्या देशात जुलै २०१८ मध्ये सरकारने सर्व मजकुराला समान वागणूक देण्याचे तत्त्व स्वीकारले, ते अशाच अनुभवांच्या पार्श्वभूमीवर.

कंपन्यांच्या नजरेत व्यापारही असतो, हे मात्र विसरता कामा नये. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने सहा मोठ्या इंटरनेट कंपन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ग्राहक काय पाहतात, कोठे जातात याची माहिती गोळा करून, वंश आणि लैंगिकता यांसारख्या नाजूक बाबींवरून ग्राहकांची वर्गवारी जाहिरातींसाठी केली जात असल्याचे त्यात आढळले. भारतात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला, त्यामागे हीच चिंता आहे.

मग चोरीचा चित्रपट पकडतो कोण?

पुष्कळांची समजूत अशी की, इंटरनेट कंपनीच ग्राहकांवर नजर ठेवून चित्रपट चोरणाऱ्यांची नावे देते. वस्तुस्थिती निराळी आहे. वर सांगितलेल्या ‘बिटटॉरेंट’ पद्धतीत जे जे लोक एक फाईल देतघेत असतात, त्यांचे आयपी पत्ते एकमेकांना दिसतात. चित्रपटाचा मालक किंवा त्याने नेमलेला माणूस त्याच घोळक्यात सामील होतो आणि कोणकोणते पत्ते तेथे आहेत ते लिहून घेतो. मग तो त्या पत्त्यांची यादी घेऊन कंपनीकडे किंवा न्यायालयात जातो. कंपनीची भूमिका येथे नंतर येते. नोंदवही पाहून ‘हा पत्ता त्या वेळी अमक्याकडे होता’ एवढे ती सांगते. चोर पकडला जातो तो पोस्टमनमुळे नव्हे. त्याने भर बाजारात स्वतःच्या नावाची पाटी लावून दुकान मांडलेले असते, म्हणून तो पकडला जातो.

पोस्टमनने पोलीस व्हावे काय, हा प्रश्न ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे गेला होता. ३४ चित्रपट व दूरचित्रवाणी कंपन्यांनी ‘आयआयनेट’ या इंटरनेट कंपनीवर दावा लावला की, ग्राहकांची चोरी तिने रोखली नाही. एप्रिल २०१२ मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला. ग्राहक त्या पद्धतीचा वापर कसा करतात यावर कंपनीचे थेट नियंत्रण नाही. तेव्हा तिने चोरीला संमती दिली असे म्हणता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

उच्च शिक्षणासाठी जर्मनीला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना येथे एक सूचना देणे अगत्याचे वाटते. तेथे चित्रपटाच्या मालकांचे वकील पत्ते गोळा करून ग्राहकाच्या नावे ‘अबमानुंग’ म्हणजे ताकीदपत्र पाठवितात आणि शेकडो युरोंची मागणी करतात. भारतात जी गोष्ट सारे करतात म्हणून सहज वाटते, ती तेथे विद्यार्थ्याच्या महिन्याच्या खर्चाएवढी महाग पडते. हे पत्र बनावट नसते. ते आल्यास दुर्लक्ष न करता जाणकाराचा सल्ला घ्यावा.

आपल्याकडे न्यायालये प्रायः संकेतस्थळेच बंद करण्याचे आदेश देतात. अज्ञात प्रतिवादीला आपल्या न्यायालयीन भाषेत ‘अशोक कुमार’ असे गमतीदार नावही मिळाले आहे. २०१६ साली असे बंद केलेले पान उघडले की, ते पाहिल्यास तीन वर्षे कैद आणि तीन लाख रुपये दंड होईल, असा इशारा दिसू लागला आणि लोक घाबरले. ‘ढिशूम’ या चित्रपटाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी तो मजकूर सुधारण्यास सांगितले. नुसते पाहणे हा गुन्हा नसून, परवानगीवाचून वितरण करणे, सार्वजनिक प्रदर्शन करणे, विक्रीस वा भाड्याने देणे हा गुन्हा आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. यावरून सुटलो असे कोणी समजू नये. टॉरेंटने चित्रपट घेणारा माणूस घेता घेताच इतरांना देत असतो. म्हणजे वितरण करीत असतो. कॉपीराइट अधिनियम १९५७ याच्या कलम ६३ मध्ये जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे व चित्रफिती यांची गोष्ट मात्र सर्वस्वी वेगळी आहे. तेथे नुसते पाहणे आणि जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. अशा सामग्रीची सूचना परदेशी संस्थांकडून आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे येण्याची व्यवस्था २०१९ पासून आहे, आणि आयपी पत्त्यावरून पोलीस दारापर्यंत पोहोचतात. ते योग्यच आहे. त्या चित्रांतले लेकरू खरे असते. येथे खासगीपणाची ढाल कोणी पुढे करू नये.

सभागृहातील चित्रपट

आता आमच्याविषयी. तो तरुण दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. त्याने अगदी आदराने, पण सरळ विचारले, “फादर, मागच्या वर्षी पवित्र आठवड्यात आपण हॉलमध्ये प्रभूच्या दुःखसहनाचा सिनेमा दाखवला, तो कुठून आणला होता?”

उत्तर मला ठाऊक होते. कोणीतरी कोठून तरी उतरवून घेतलेली ती प्रत होती. वर्षानुवर्षे आम्ही तीच दाखवीत आलो. हेतू चांगला होता, तिकीट नव्हते, सभागृह भरत होते. तथापि, परवानगीवाचून केलेले सार्वजनिक प्रदर्शन ते हेच. कायद्यात धार्मिक विधीच्या वेळी गीत गाण्याला वा वाजविण्याला सूट आहे. चित्रपट दाखविण्याला तशी सूट नाही. गीते गाण्याची मुभा आहे म्हणून दुसऱ्याच्या रचनांची पुस्तिका छापून वाटण्याचीही मुभा आहे, असेही नव्हे. आपल्या गायन मंडळांनी हे लक्षात घ्यावे. भक्तिगीत रचणारा आणि त्याला चाल लावणारा हाही मजूरच आहे, आणि मजुराची मजुरी बुडविण्याविषयी पवित्र शास्त्र काय म्हणते ते आपण जाणतो.

मी त्या मुलाला सांगितले की, आमचे चुकले. यंदा आम्ही तो चित्रपट दाखविला नाही. त्याऐवजी तरुणांनी सभागृहात क्रुसाची वाट सादर केली. माणसे नेहमीपेक्षा थोडी कमी आली, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

सातव्या आज्ञेचा अर्थ मुलांना शिकविताना आपण पेरू चोरण्याचे उदाहरण देतो. पेरू घेतला तर झाडावरचा पेरू कमी होतो. फाईल घेतली तर मूळ फाईल तशीच राहते. म्हणून ही चोरी चोरी वाटत नाही. परंतु कमी होते ते तिच्यामागच्या माणसाच्या श्रमाचे मोल. नामवंत नटाला त्याची झळ फारशी लागणार नाही. वेशभूषा शिवणाऱ्याला, छोट्या मराठी चित्रपटाच्या निर्मात्याला ती लागते.

दोन नजरा

कंपनी पाहते म्हणून चोरी करू नये, असे मी त्या मुलाला सांगितले नाही. तसे सांगितले असते, तर ज्या दिवशी कंपनीची नजर चुकविण्याचा उपाय सापडेल त्या दिवशी चोरीला हरकत उरली नसती. असे उपाय आहेतही. ‘व्हीपीएन’ नावाच्या सेवेने आपले पाकीट दुसऱ्या मोठ्या पाकिटात घालून पाठविता येते. मग इंटरनेट कंपनीला फक्त बाहेरचे पाकीट दिसते. मात्र आतले पाकीट आता त्या सेवेच्या हाती असते. विश्वास एकावरून काढून दुसऱ्यावर ठेवला, एवढाच फरक. एप्रिल २०२२ मध्ये सरकारने अशा सेवांनाही ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपून ठेवण्याचा आदेश दिला. फुकट मिळणाऱ्या अनोळखी सेवेच्या हाती आपली पाकिटे देण्यापूर्वी, तिचा खर्च कशातून भागतो याचा विचार करावा.

परमेश्वर आपल्याला पाहतो, अशी आपली श्रद्धा आहे. १३९ वे स्तोत्र आपण त्याच भावनेने म्हणतो. पण ती नजर आणि यंत्राची नजर यांत मोठे अंतर आहे. यंत्र नोंद ठेवते, ओळखत नाही आणि क्षमा तर मुळीच करीत नाही. ज्याला आपण ‘पिता’ म्हणतो तो ओळखतो, आणि प्रायश्चित्त संस्कारात नोंद पुसूनही टाकतो.

म्हणूनच खासगीपणाची मागणी म्हणजे पाप लपविण्याची मागणी, असे आपण मानू नये. पापनिवेदनाच्या गुप्ततेसाठी ख्रिस्तसभेने शतकानुशतके किंमत मोजली आहे. माणसाच्या अंतःकरणाभोवती एक कुंपण असते आणि ते परक्याने ओलांडू नये, हे आपण इतरांआधी ओळखले होते. दुसऱ्याच्या खासगी जीवनाविषयी प्रत्येकाने उचित संयम पाळावा, असे कॅथोलिक धर्मशिकवण सांगते. डॉक्टर, वकील, सैनिक यांच्या व्यवसायातील गुपितांनाही ती मान देते. इंटरनेट कंपनी आज या यादीत बसण्याजोगी आहे, कारण कित्येक घरांविषयी तिला डॉक्टरांपेक्षा अधिक ठाऊक असते. फेब्रुवारी २००२ मध्ये व्हॅटिकनने ख्रिस्तसभा आणि इंटरनेट तसेच इंटरनेटमधील नीती या विषयांवर दोन पत्रके प्रसिद्ध केली. माध्यमांच्या वापराचा हेतू आणि माप माणूसच असला पाहिजे, हे त्यांचे सूत्र आजही तितकेच लागू आहे.

घरोघरी काय करावे?

वाचकांच्या सोयीसाठी काही गोष्टी थोडक्यात नमूद करतो.

१) ‘तुमच्या कंपनीने तुमची तक्रार केली आहे, दंड भरा’ असे पत्र, फोन वा व्हिडिओ कॉल आला, तर एक रुपयाही देऊ नये. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही तरतूद कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ रोजी आकाशवाणीवरून सांगितले होते. फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे.

२) घरातील वायफायला स्वतःचा, कठीण परवलीचा शब्द ठेवावा. जोडणी ज्याच्या नावावर, नोंदही त्याच्याच नावावर होते. शेजाऱ्याने वा पाहुण्याने काही केले, तरी पहिला प्रश्न आपल्यालाच विचारला जाईल. धर्मग्राम कार्यालये, शाळा आणि तरुण मंडळे यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. चर्चच्या आवारातील जोडणीचा परवलीचा शब्द साऱ्या गावाला पाठ असणे बरे नव्हे.

३) बँकेचा व्यवहार किंवा खासगी माहिती देण्यापूर्वी पत्त्याची सुरुवात ‘एचटीटीपीएस’ने होते ना, हे पाहावे. मात्र पाकीट बंद आहे म्हणून पाकीट पाठविणारा प्रामाणिक आहे, असे ठरत नाही. ठकदेखील बंद पाकीट वापरतो.

४) आईवडिलांनी मुलांच्या मोबाईलवर चोरून नजर ठेवण्यापेक्षा त्यांच्याशी बोलावे. लहान मुलांसाठी बंधने अवश्य घालावीत. पण ती आहेत हे मुलांना ठाऊक असावे.

५) चित्रपट, गीते, पुस्तके विकत वा रीतसर मिळत असतील तर तशीच घ्यावीत. ज्यांचा मालकीहक्क संपला आहे, असे पुष्कळ ग्रंथ व संगीत इंटरनेटवर फुकट आणि कायदेशीरपणे उपलब्ध आहे.

त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर आता एकत्रित सांगता येईल. होय, आपण कोणाच्या दारी गेलो आणि किती ओझे घेऊन आलो, हे कंपनीला बहुधा कळते, आणि ती नोंद कायद्याने दोन वर्षे राहते. ओझ्यात काय होते, हे बंद पाकिटामुळे तिला बहुधा कळत नाही. कायद्याने सांगितले तर ती नोंदवही उघडते. स्वतःहून पोलिसांना पत्रे लिहीत बसत नाही. आणि ओझ्यात काय होते, हे आपल्याला स्वतःला तर ठाऊक असतेच.

तो मुलगा आता आमच्या कार्यालयातील संगणकाचे काम पाहतो. पहिल्याच दिवशी त्याने वायफायचा परवलीचा शब्द बदलला, आणि नवा शब्द मलाही दोनदा विचारल्यावरच सांगितला.